स्वस्त तिकीट हे हुशारीचं बक्षीस नव्हे

लंडन असो, स्लाउ असो की न्यू जर्सीतलं एडिसन, चार मराठी घरं जमली की विमानाच्या तिकिटाचा विषय निघतोच. आणि तो निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : “एवढे दिलेत? मग तुम्हाला शोधता नाही आलं.” ज्याने जास्त दिलेले असतात तो गप्प होतो. ज्याने कमी दिलेले असतात तो मग आपली कृती सांगू लागतो. मंगळवारी पाहायचं. रात्री बारानंतर पाहायचं. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून पाहायचं, नाहीतर कंपनी तुम्हाला ओळखते आणि भाडं वाढवते. तारखा दोन दिवस मागेपुढे करायच्या. बॅग न्यायची नाही. एक थांबा घ्यायचा. एवढं केलं की लंडन–न्यूयॉर्क म्हणजे काहीच नाही, हा निष्कर्ष.

या बोलण्यामागे एक पूर्ण मत आहे आणि ते आता सर्वमान्य झालं आहे. अटलांटिक ओलांडणं कधी नव्हे इतकं स्वस्त झालं आहे, स्वस्त भाडी सगळ्यांसाठी खुली आहेत आणि ज्याला ती मिळत नाहीत त्याचा दोष त्याचाच. तो आळशी आहे, अडाणी आहे, नाहीतर त्याच्याकडे पैसे जास्त आहेत. प्रवासाची सदरं हेच सांगतात, सल्ले विकणारे हेच सांगतात आणि आपण एकमेकांनाही हेच सांगतो. मला हे मत चुकीचं तर वाटतंच, पण अन्यायाचंही वाटतं. ज्याच्या खिशातून पैसे गेले त्यालाच ते आरोपी ठरवतं, आणि ज्यांनी भाडं ठरवलं त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जाऊ देत नाही.

मंगळवारपासून सुरुवात करू. या समजुतीला एके काळी थोडा आधार होता. अमेरिकन कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला सवलती जाहीर करत आणि प्रतिस्पर्धी दुसऱ्या दिवशी त्यांची बरोबरी करत. भाड्यांचे तक्ते एटीपीसीओ नावाच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत सगळ्या जगाकडे जातात आणि तिथे तेव्हा दिवसातून मोजक्याच वेळा बदल होत. आता ते दिवसभर होत असतात. ज्या कामकाजातून मंगळवार जन्माला आला ते कामकाजच राहिलेलं नाही, सल्ला मात्र राहिला आहे.

खाजगी खिडकीची गोष्टही तशीच. विमानाच्या एकाच इकॉनॉमी केबिनमधल्या जागा कंपनी अक्षरांच्या कप्प्यांत वाटून ठेवते : वाय, बी, एम, एच, क्यू असे. प्रत्येक कप्प्याचं भाडं वेगळं, अटी वेगळ्या. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. सकाळी पाहिलेलं भाडं संध्याकाळी वाढलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा मधल्या काळात कुणीतरी त्या कप्प्यातली शेवटची जागा घेतलेली असते. यात एक उपयोगाची गोष्ट आहे ती सांगून टाकतो. चौघांची तिकिटं एकदम शोधली आणि स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असल्या, तर चौघांनाही वरच्या कप्प्याचं भाडं दाखवलं जातं. म्हणून आधी एकट्याचं भाडं पाहावं. पण एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न विचारायला नको का? स्वस्त कप्प्यात तीनच जागा का? तीस का नाहीत? हे कोण ठरवतं?

कंपनीतलं भाडी सांभाळणारं खातं ते ठरवतं. गेल्या वर्षी या तारखेचं विमान कसं भरलं, यंदा कसं भरतंय, या मार्गावर दुसरा कोण आहे आणि तो काय लावतोय, यावर ठरवतं. तुम्ही रात्री बारा वाजता जागे आहात की नाही याची त्या हिशोबात नोंद नसते.

आणि सल्ला खरा आहे असं घटकाभर धरू. तो सगळ्यांनी पाळला तर काय होईल? प्रत्येक जण मंगळवारी मध्यरात्री तिकीट शोधायला बसला, तर स्वस्त जागा वाढतील का? एकही वाढणार नाही. तीन जागा तीनच राहतील, फक्त त्या कुणाला मिळाल्या ते बदलेल. या साऱ्या युक्त्यांनी होतं ते इतकंच. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, आणि कंपनीच्या गल्ल्यात तेवढेच पैसे. याला स्वस्ताई म्हणायचं?

आता ‘तारखा थोड्या हलवा’. या सल्ल्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण तो देणाऱ्याला आपण कुणाशी बोलतो आहोत याचं भानच नसतं. अटलांटिकवर जून ते ऑगस्ट भाडी चढलेली असतात आणि जानेवारी–फेब्रुवारीत उतरलेली, हे खरं आहे. पण इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या मावशीकडे जायचं तरी कसं? शाळा चालू असताना परवानगीवाचून मुलाला बाहेर नेलं, तर ऑगस्ट २०२४ पासून ८० पौंड दंड आहे. तो दर पालकाला आणि दर मुलामागे असतो. २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड. दोन पालक आणि दोन मुलं असली तर वेळेत भरूनही ३२० पौंड होतात. भाड्यात वाचलेले पैसे दंडात जातात. कंपनीला शाळांचं वेळापत्रक तुमच्याइतकंच पाठ आहे आणि चढं भाडं नेमकं सुट्टीच्याच आठवड्यांत लागतं.

पुण्याहून किंवा मुंबईहून अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं घ्या. त्यांच्यातली पुष्कळ जण लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे जातात, म्हणजे त्यांच्या तिकिटाचा दुसरा भाग हाच अटलांटिकचा असतो. विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात. त्याआधी घर शोधायचं, नोंदणी करायची. म्हणजे त्या मुलाला प्रवासासाठी उरतात ते हंगामातले सर्वांत महाग असे मोजके दिवस. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून शुल्क भरलेलं असतं आणि कुणीतरी त्यांना सांगतं की मे महिन्यात किती स्वस्त होतं!

आणि ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याचं काय? भाऊ लंडनमध्ये वारला, बहीण बॉस्टनला आहे, तिला उद्या निघायचं आहे. तिने कोणती तारीख हलवायची? स्वस्त भाड्यांच्या अटी मुळात व्यापारी प्रवाशाला वेगळं काढण्यासाठी बनल्या : इतके दिवस आधी घ्या, मध्ये शनिवारची रात्र तिथे काढा. ऐन वेळी येणारा माणूस कंपनीच्या खर्चाने प्रवास करतो, हे गृहीत धरून ऐन वेळचं भाडं चढवलेलं असतं. या हिशोबात अंत्यविधीला निघालेली बहीण आणि सौदा करायला निघालेला बँकेचा अधिकारी एकच ठरतात. पूर्वी अशा प्रसंगासाठी सवलतीचं भाडं असे. अमेरिकन आणि युनायटेड या दोन्ही कंपन्यांनी ते २०१४ मध्ये बंद केलं. डेल्टाने ते चालू ठेवलं, म्हणजे ठेवता येतं हे उघड आहे. त्या बहिणीला ‘शोधता नाही आलं’ म्हणण्याची कुणाची हिंमत आहे?

भाडं खरोखर कशाने उतरतं याचं उत्तर इतिहासात स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि ते प्रवाशाच्या चातुर्याचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिकवरची भाडी विमान कंपन्यांच्या आयटा या संघटनेच्या बैठकांत, सगळ्यांच्या संमतीने ठरत आणि सरकारं त्यांवर शिक्का मारत. सर्वांचं भाडं एकच. त्या काळात कुणी कितीही शोधलं असतं तरी काय सापडलं असतं? सापडलं ते आइसलँडच्या लोफ्टलायदिर या छोट्या कंपनीमुळे, कारण ती आयटाची सदस्य नव्हती. तिची विमानं जुनी आणि संथ होती, वाटेत आइसलँडला थांबत, पण भाडं कमी होतं. साठच्या दशकातली अमेरिकन तरुण पिढी युरोप पाहायला गेली ती मोठ्या संख्येने या विमानांनी. ती पिढी आधीच्यांपेक्षा शोधण्यात तरबेज होती असं नाही. ठरावाबाहेरचा एक विक्रेता तिला मिळाला होता.

मग आले फ्रेडी लेकर. या माणसाची हकिगत प्रत्येक तिकीट-सल्लागाराने वाचायला हवी. लंडन–न्यूयॉर्क अशी, आगाऊ आरक्षण नसलेली, त्याच दिवशी तिकीट घेऊन चढायची सेवा त्यांना काढायची होती. जेवण हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. १९७१ मध्ये त्यांनी परवाना मागितला. तो मिळाला, पण पुढे सरकार बदललं आणि नव्या ब्रिटिश सरकारने ही सेवा सुरूच होऊ द्यायची नाही असं ठरवलं, कारण सरकारी मालकीच्या कंपनीला तिचा धक्का बसला असता. लेकर न्यायालयात गेले. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयात ते जिंकले. अमेरिकेची मंजुरीही मिळाली. अखेर २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्ककडे पहिली ‘स्कायट्रेन’ उडाली. एकेरी भाडं ५९ पौंड, न्यूयॉर्कहून परत यायला १३५ डॉलर. ही सेवा सुरू करायला सहा वर्षं गेली. एवढी वर्षं लेकरना अडवून ठेवलं ते कुणाच्या फायद्यासाठी? प्रवाशाच्या तर नक्कीच नाही.

याच हकिगतीतली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेकर येणार हे नक्की होताच ब्रिटिश एअरवेज, पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए यांनीही लंडन–न्यूयॉर्कसाठी स्वस्त स्टँडबाय आणि बजेट भाडी काढली. आदल्या वर्षी जे ‘परवडत नव्हतं’ ते या वर्षी परवडू लागलं. इंधन तेच, विमानं तीच, समुद्र तोच. बदललं होतं एवढंच की प्रवाशाला जायला दुसरी जागा मिळाली होती. १९७८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लोक स्कायट्रेनच्या तिकिटासाठी रस्त्यावर झोपले. त्यांतल्या कित्येकांसाठी अमेरिका पाहणं ही तोवर केवळ इच्छा होती.

इथे प्रतिपक्ष लगेच म्हणतो : लेकर बुडाले ना? हो, ५ फेब्रुवारी १९८२ ला बुडाले. डॉलरमध्ये काढलेली कर्जं, घसरलेला पौंड, मंदी, १९७९ मध्ये जमिनीवर बसवलेली डीसी–१० विमानं, हे सगळं होतं. पण त्यानंतर लेकर यांच्या कंपनीचे अवसायक अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. मोठ्या कंपन्यांनी मिळून भाडी पाडून आणि कर्ज देणाऱ्यांवर दबाव आणून लेकर यांना संपवलं, असा त्यांचा दावा होता. १९८५ मध्ये त्याची न्यायालयाबाहेर तडजोड झाली. धनकोंसाठी सुमारे ४८ दशलक्ष डॉलर आणि खुद्द लेकर यांना ८ दशलक्ष. जिथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं तिथे एवढी रक्कम कुणी मोजतं का?

‘स्वस्तवाले बुडतात, म्हणून स्वस्त भाडं शक्यच नाही’ हा युक्तिवाद आजही ऐकू येतो आणि त्याच्या पुष्टीला नावं दिली जातात. प्रायमेरा ऑक्टोबर २०१८ मध्ये गेली, वॉव एअर मार्च २०१९ मध्ये, नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांबचे मार्ग सोडले, आइसलँडची प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. यादी खरी आहे, पण अर्धी आहे. पॅन अॅम डिसेंबर १९९१ मध्ये बुडाली. स्विसएअर आणि सबेना २००१ मध्ये बुडाल्या. टीडब्ल्यूए त्याच वर्षी अमेरिकनच्या पोटात गेली. या स्वस्त कंपन्या होत्या का? महाग भाडं लावणारेही बुडतात. पण ते बुडाले की कुणी म्हणत नाही की महाग भाडं चालत नाही.

२०२० च्या महासाथीत तर हा भेद उघड्यावर आला. लुफ्तान्साला ९ अब्ज युरोंचं साहाय्य मिळालं. एअर फ्रान्स–केएलएमला दोन सरकारांनी मिळून १० अब्ज युरोंहून अधिक उभे करून दिले. नॉर्वेजियनला आधी ३ अब्ज क्रोनरची हमी मिळाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नॉर्वेच्या सरकारने पुढची मदत नाकारली. नॉर्वेजियनने नको तितक्या वेगाने विमानं घेतली होती, कर्जाचा डोंगर केला होता, हे मला मान्य आहे. तेवढंच मान्य आहे. कारण ती मार्गावर असताना काय झालं तेही पाहावं लागेल. तिच्या आयर्लंडमधल्या उपकंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेकडे परवाना मागितला आणि तो मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये. तीन वर्षं अमेरिकन कंपन्या आणि कामगार संघटनांनी तो अडवून धरला. परवाना मिळाल्यावर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या स्टुअर्टसारख्या छोट्या विमानतळांवरून आयर्लंड आणि स्कॉटलंडला एकेरी ६५ डॉलरपासून भाडी निघाली. आणि ब्रिटिश एअरवेजने गॅटविकहून ओकलंड आणि फोर्ट लॉडरडेलला विमानं सुरू केली, अगदी नॉर्वेजियन जिथे जात होती तिथेच. तिच्याच समूहाने बार्सिलोनाहून ‘लेव्हल’ नावाची स्वस्त कंपनी उभी केली. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच झालं. दुसरा कुणी आला की मोठ्यांना स्वस्त देता येतं. तो गेला की येत नाही.

मग आज दुसरा कोण आहे? शोधाच्या पडद्यावर वीस नावं दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की वीस विक्रेते आहेत. अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज आणि आयबेरिया यांना २०१० पासून अटलांटिकवरची भाडी, वेळापत्रकं आणि उत्पन्न एकत्र ठरवण्याची परवानगी आहे. पुढे फिनएअर आणि एअर लिंगस त्यांत आल्या. युनायटेड, लुफ्तान्सा आणि एअर कॅनडा यांचा असाच दुसरा गट. डेल्टा, एअर फ्रान्स–केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक यांचा तिसरा. अमेरिका आणि युरोप यांच्यामधल्या प्रवाशांचा मोठा हिस्सा या तीन गटांच्या हाती आहे. दोन दुकानदारांनी गुपचूप बसून भाव ठरवला तर तो गुन्हा आहे. इथे सरकारने स्पर्धा कायद्यातून सूट दिली आहे, म्हणून तो गुन्हा नाही, एवढंच. लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कला जाताना तुम्ही ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन यांची तुलना करता, तेव्हा एकाच तिजोरीच्या दोन खिडक्यांची तुलना करत असता. व्हर्जिन आणि डेल्टा यांचीही तीच कथा. कितीही मंगळवार जागवले तरी या खिडक्या एकमेकींशी भांडणार नाहीत.

नव्याने यायचं तर उतरायला जागा हवी. हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-उतरणं अशी मर्यादा आहे, आणि त्यांसाठी ठरवून दिलेल्या वेळांपैकी निम्म्याहून अधिक वेळा ब्रिटिश एअरवेजच्या समूहाकडे आहेत. २०१६ मध्ये तिथली रोजची एक वेळ, म्हणजे उतरण्याची आणि उडण्याची एक जोडी, ओमान एअरने ७५ दशलक्ष डॉलरला विकत घेतली. ज्याला केवळ पाय ठेवायला एवढं मोजावं लागतं तो स्वस्त तिकीट कशातून देणार? जेटब्लू ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्कहून हीथ्रोला पोहोचली, तीही महासाथीने वेळा मोकळ्या पडल्या म्हणून. स्वतंत्र विक्रेता कमी होण्याचं आपल्या लोकांना ओळखीचं उदाहरण एअर इंडियाचं आहे. १९६० मध्ये तिने बोइंग ७०७ ने लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू केलं. लंडनमध्ये उतरलेल्यांच्या जागी नवे प्रवासी घेऊन ती अटलांटिक ओलांडत असे, म्हणजे त्या मार्गावर एक स्वतंत्र विक्रेता होती. पुढे ती भारतातून थेट जाणाऱ्या विमानांकडे वळली आणि तो विक्रेता कमी झाला.

‘पण कंपन्यांना उरतंच किती?’ हा पुढचा बचाव. जगभरच्या सगळ्या कंपन्यांची सरासरी काढून दर प्रवाशामागे जेमतेम काही डॉलर उरतात, असं सांगितलं जातं. सरासरीत जगातले तोट्यातले सगळे मार्ग येतात. आपण अटलांटिकबद्दल बोलतो आहोत. ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रो–न्यूयॉर्क या एका मार्गाची वर्षाची विक्री महासाथीआधीच एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. जगात त्याच्या जोडीचा मार्ग नव्हता. ज्या मार्गावर एवढा पैसा आहे त्या मार्गावरच्या प्रवाशाने दुसऱ्या मार्गांच्या तोट्यासाठी हळहळावं का?

आणि विश्वासाचंच म्हणाल तर इंधन अधिभाराचं प्रकरण फार जुनं नाही. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी लांबच्या प्रवासावरचा अधिभार संगनमताने ठरवला. या काळात परतीच्या तिकिटावरचा हा अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतःहून कबुली दिली म्हणून ती दंडातून सुटली. ब्रिटिश एअरवेजला २००७ मध्ये अमेरिकेत ३०० दशलक्ष डॉलर दंड झाला आणि ब्रिटनमध्ये १२१.५ दशलक्ष पौंड जाहीर झाला. तो पुढे कमी करून ५८.५ दशलक्ष केला गेला. या दीड वर्षात ज्याने लंडनहून तिकीट घेतलं, त्याने कोणत्या वारी, कोणत्या खिडकीतून पाहिलं असतं म्हणजे त्याला हा अधिभार चुकवता आला असता?

सरकारही यातून सुटत नाही. ब्रिटनचा हवाई प्रवासी कर १९९४ मध्ये सुरू झाला तेव्हा लांबच्या प्रवासावर १० पौंड होता. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या इकॉनॉमी प्रवाशावर तो ९० पौंड झाला आणि प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस घेतलं तर २१६. पाय दुखतात म्हणून आईसाठी थोडी मोठी जागा घेणारा मुलगा बँकेच्या संचालकाएवढाच कर भरतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत तो माफ आहे, हे बरं झालं. हा कर फक्त ब्रिटनमधून निघणाऱ्याला लागतो, म्हणून डब्लिनहून सुरुवात करा, असं जाणकार सांगतात. आयर्लंडने आपला कर २०१४ मध्ये काढून टाकला, हे खरं. पण लंडन–डब्लिनचं तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान उशिरा पोहोचलं, तर पुढची कंपनी तुम्हाला काहीही देणं लागत नाही. एकाच तिकिटावर असलात, तर युरोपीय कंपनीच्या विमानाने चार तासांहून जास्त उशीर केल्यास ६०० युरोंपर्यंत भरपाईचा हक्क असतो. सल्ला देणारा भाड्यातली बचत सांगतो. तुम्ही सोडलेला हक्क तो सांगत नाही. तान्हं मूल आणि दोन म्हातारी माणसं घेऊन निघालेल्या कुटुंबाने हा धोका पत्करावा, असं त्याचं म्हणणं आहे का?

जे स्वस्त दिसतं त्यातही किती स्वस्त असतं? २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी अटलांटिकवर सामानाविना ‘बेसिक’ भाडी आणली. बॅगेचे पैसे वेगळे, एका बाजूचे ६० ते ७५ डॉलर. आपल्याकडे बॅग न नेता कोण जातं? भाजणी, मेतकूट, नातवंडांचे कपडे, लग्नाच्या साड्या घेऊन माणूस हजारो मैलांवर एका हातपिशवीनिशी जात नाही. मग परतीच्या तिकिटात बॅगेचे १२० ते १५० डॉलर मिळवायचे आणि मगच आकडा बोलायचा. पण गप्पांत सांगितला जातो तो पहिला आकडा.

आणि प्रवाशाने खरोखरच हुशारी दाखवली तर काय होतं, याचंही उत्तर आहे. २०१६ मध्ये एका प्रवाशाने ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिअॅटलचं परतीचं तिकीट काढलं. येताना तो फ्रँकफर्टलाच उतरला, ओस्लोच्या शेवटच्या विमानात बसलाच नाही. लांबचं तिकीट जवळच्यापेक्षा स्वस्त होतं, म्हणून. लुफ्तान्साने त्याच्यावर २,११२ युरोंचा दावा लावला. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला. जास्त अंतर कमी पैशांत आणि कमी अंतर जास्त पैशांत, हे कंपनीने ठरवलेलं. त्याचा फायदा घेतला तर न्यायालयात खेचणारीही तीच. मग हुशारीला बक्षीस मिळतं हे कुणी सांगितलं? तुमची हुशारी जोवर कंपनीच्या हिशोबात बसते तोवरच तिचं कौतुक आहे.

म्हणून पुन्हा सांगतो. अटलांटिकवरचं भाडं त्या मार्गावर खरोखर वेगळे विक्रेते किती आहेत, विमानतळाच्या वेळा कुणाच्या मुठीत आहेत, सरकार किती कर कापतं आणि तुमच्या आयुष्याने तुम्हाला कोणत्या तारखेला बांधलं आहे यावर ठरतं. १९७७ ला ते उतरलं ते लेकर आले म्हणून, २०१७ ला उतरलं ते नॉर्वेजियन आली म्हणून. दोन्ही वेळा प्रवासी तेच होते, त्यांची बुद्धी तीच होती. ज्याने जास्त दिले त्याला नालायक ठरवणारं प्रत्येक वाक्य लबाडाला पाठीशी घालतं आणि नाडलेल्याला लाज आणतं.

ही व्यवस्था देवाने दिलेली नाही. तीन गटांना मिळालेली सूट ही परवानगी आहे, आणि परवानगी काढून घेता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने डेल्टा आणि एरोमेक्सिको यांची अशीच सूट संपवण्याचा आदेश काढला. जे मेक्सिकोच्या मार्गांवर होऊ शकतं ते लंडन आणि फ्रँकफर्टच्या मार्गांवर का होऊ नये? हीथ्रोच्या वेळा नव्या, स्वतंत्र कंपन्यांना आधी का मिळू नयेत? मृत्यूच्या प्रसंगीचं भाडं ऐच्छिक का असावं, ते सक्तीचं का नसावं?

ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत राहणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांना मत आहे, खासदार आहेत, काँग्रेसचे प्रतिनिधी आहेत. मंडळं आहेत, लंडनचं तर १९३२ पासून आहे. या मंडळांनी गणेशोत्सवाइतक्याच निष्ठेने हे प्रश्न त्या प्रतिनिधींना लेखी विचारावेत. आणि पुढच्या वेळी कुणी आपण दिलेलं मोठं भाडं सांगितलं, तर कृपा करून त्याला मंगळवार शिकवू नका. त्याला विचारा की त्या दिवशी त्या मार्गावर कोणकोणत्या कंपन्या होत्या, आणि तो आकडा तारखेसह लिहून प्रतिनिधीकडे पाठवायच्या पत्रात घाला.